चॅटबॉटसाठी बाहेरच्या एआय सेवेवर किती विसंबावं?

कळफलक
ज्या उत्पादनाचा गाभाच संवाद आहे, त्याचं मॉडेल दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. मुद्दा पैशांपेक्षा ताब्याचा आहे. ओपनएआयने मार्च २०२३ मध्ये कोड लिहिणाऱ्या कोडेक्स मॉडेलची एपीआय (आपल्या प्रोग्राममधून मॉडेल वापरायची सोय) बंद होणार हे अवघे काही दिवस आधी कळवलं. पुढे ४ जानेवारी २०२४ रोजी टेक्स्ट-डाविंची-००३ हे मजकूर लिहिणारं मॉडेल गेलं आणि त्याबरोबर पहिल्या पिढीची एम्बेडिंग मॉडेल्सही. ही मॉडेल्स मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, उतरवतात आणि त्यावरून बॉट प्रश्नाशी जुळणारा साठवलेला परिच्छेद शोधतो. त्या वेळी मुदत सहा महिन्यांची होती, हे मान्य. पण एम्बेडिंग मॉडेल गेलं की कोडमधलं नाव बदलून भागत नाही. दोन मॉडेलांचे व्हेक्टर एकमेकांशी ताडताच येत नाहीत, त्यामुळे साठवलेला प्रत्येक परिच्छेद पुन्हा एम्बेड करावा लागतो. आणि 'किमान इतकं साम्य असेल तरच उत्तर द्यायचं' ही मर्यादाही नव्याने ठरवावी लागते. हे दुसरं काम हमखास राहून जातं. मग बॉट एक तर सगळ्यालाच 'माहिती उपलब्ध नाही' म्हणतो, नाही तर भलत्याच परिच्छेदावरून उत्तर देतो.

बाराखडी
साफ असहमत. स्वतःचं मॉडेल चालवायचं म्हणजे काय, ते आकड्यांत बघा. मेटाच्या खुल्या लामा ३ चं ८ अब्ज पॅरामीटरचं (शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल, प्रत्येक आकडा १६ बिटांत ठेवला तर, साधारण १६ जीबी घेतं. वर प्रत्येक टोकनमागे (शब्दाच्या तुकड्यामागे) केव्ही कॅश (चालू संवाद लक्षात ठेवायची जागा) १२८ केबी, म्हणजे ८,१९२ टोकनांच्या एका पूर्ण संवादाला १ जीबी. २४ जीबीच्या जीपीयू कार्डावर असे सहा-सात संवाद चालू असले की पुढचा माणूस रांगेत. ७० अब्जच्या मॉडेलचे नुसते वेट्स (तेच शिकलेले आकडे) १४० जीबी! ४ बिटांवर आणले तर जागा चौथाईवर येते, पण दर्जाची घसरण लॅटिन नसलेल्या लिप्यांना जास्त जाणवते, आणि फक्त इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला ती दिसतच नाही. शिवाय रात्री कोणी बोलत नसलं तरी जीपीयूचं मीटर चालूच. संवाद तुरळक असतील तर या वाटेला जाऊच नये.

कळफलक
@बाराखडी, प्रत्येक संवाद ८,१९२ पर्यंत जातो हे गृहीतकच पटत नाही. दोन हजार टोकनांत आटोपणारा संवाद २५० एमबीच्या आसपास घेतो. व्हीएलएलएम हे मॉडेल चालवणारं खुलं सॉफ्टवेअर प्रत्येक संवादासाठी पूर्ण जागा आधीच अडवून ठेवत नाही, लागेल तशी छोट्या तुकड्यांत देतं. त्याच कार्डावर पंचवीसेक संवाद बसतील. आणि आपल्या डिस्कवरचे वेट्स कोणी एका सकाळी बंद करू शकत नाही.

सुटी गाठ
तुम्ही दोघं मॉडेल कुठे चालतं यावर अडून बसलात. माणूस अडकतो तो मॉडेलच्या भोवतालच्या गोष्टींत. ओपनएआयच्या असिस्टंट्स एपीआयमध्ये संवादाचा इतिहास त्यांच्याकडेच साठायचा. त्या एपीआयला २६ ऑगस्ट २०२६ ही शेवटची तारीख जाहीर झाली. इतिहास पहिल्यापासून आपल्या डेटाबेसमध्ये असेल, तर अशी तारीख म्हणजे एक अडॅप्टर (पुरवठादाराशी जोडणारा कोडचा तुकडा) बदलण्याचं काम. मॉडेलचं नाव नेहमी तारखेच्या आवृत्तीसह लिहा, नुसतं टोपणनाव नको. नाही तर खालचं मॉडेल बदलतं आणि तुम्हाला कळतं ते ग्राहकाच्या तक्रारीतून. खऱ्या वापरातले दोनशे प्रश्न आणि त्यांची अपेक्षित उत्तरं बाजूला काढून ठेवा, आवृत्ती बदलण्याआधी सगळे चालवा.

सेवा कोलमडते तेव्हाचं वागणंही आधीच लिहून ठेवावं लागतं. ४२९ (विनंत्या फार झाल्या) किंवा ५०० च्या घरातली (सर्व्हरचा बिघाड) त्रुटी आली तर १, २, ४ सेकंदांनी, त्यात थोडा यादृच्छिक फरक घालून, पुन्हा प्रयत्न करा. ४०० आली तर करू नका, विनंतीच चुकलेली आहे. उत्तर स्ट्रीम होताना (तुकड्यातुकड्याने येताना) मधेच तुटलं आणि आंधळेपणाने पुन्हा मागवलं, तर पडद्यावर अर्धं उत्तर दोनदा उमटतं. त्याहून वाईट म्हणजे बॉटने 'ऑर्डर रद्द करा' हे टूल चालवलं, जोडणी तुटली आणि पुन्हा प्रयत्नात ते दुसऱ्यांदा चाललं. अशा प्रत्येक क्रियेला आपल्याकडून एकमेव क्रमांक द्या आणि तोच पुन्हा आला तर जुना निकाल परत करा.

दुसरा पुरवठादार फक्त कागदावर ठेवून उपयोग नाही. तोच प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेल्या सूचना) तिथे तसाच चालत नाही आणि नव्या खात्याची विनंत्यांची मर्यादा बहुधा कमी असते. रोजच्या वाहतुकीतले ५ टक्के तरी तिकडे जाऊ द्या.

तळटीप
जबाबदारीचं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने एअर कॅनडाचा बचाव फेटाळला. चॅटबॉट आपल्या कृतींना स्वतःच जबाबदार आहे, असा तो बचाव होता. मॉडेल कोणाचंही असो, उत्तर देणारे तुम्हीच. ओपनएआय १ मार्च २०२३ पासून एपीआयचा मजकूर परवानगीशिवाय प्रशिक्षणासाठी वापरत नाही, पण गैरवापर तपासण्यासाठी तो साधारणपणे ३० दिवसांपर्यंत राहू शकतो. म्हणून नाव, फोन, पत्ता पाठवण्याआधी झाकावेत. सरसकट फुल्या मारल्या तर मॉडेलला दोन माणसं वेगळी कळत नाहीत. 'व्यक्ती_१', 'व्यक्ती_२' अशा खुणा घाला आणि उत्तर आल्यावर उलट बदला.

बाराखडी
@तळटीप, सहमत. पण खर्च बेसुमार वाढतो तो पुरवठादारामुळे नव्हे, रचनेमुळे. प्रत्येक फेरीत मागचा सगळा संवाद पुन्हा जातो. एका प्रश्नोत्तराचे ३०० टोकन धरले, तर २० फेऱ्यांत नुसता जुनाच मजकूर ५७,००० टोकन होतो. प्रॉम्प्ट कॅशिंगने (आधी आलेल्या मजकुरावरचं काम पुरवठादाराने जपून पुन्हा वापरण्याने) हे बरंच स्वस्त पडतं, पण सुरुवातीचा मजकूर अक्षरशः तोच असावा लागतो. सूचनांच्या पहिल्याच ओळीत चालू वेळ घातली की कॅश दर वेळी वाया. वेळ शेवटी घाला.

कळफलक
@सुटी गाठ, अडॅप्टर आणि इतिहासाचं पूर्ण पटलं. एम्बेडिंगबाबत मात्र मी मागे हटत नाही. बीजीई-एम३ सारखं खुलं बहुभाषिक मॉडेल १,०२४ मितींचे (आकड्यांचे) व्हेक्टर देतं आणि प्रश्नागणिक एक व्हेक्टर काढायला साधा सीपीयूही पुरतो. उत्तरं लिहिणारं मॉडेल भाड्याचं चालेल, ते एका दिवसात बदलता येतं. लाखो परिच्छेदांच्या व्हेक्टरांचा निर्देशांक एका दिवसात बदलत नाही.