सिटी व्हीटेक: आखूड मॅनिफोल्ड आणि ७० मिमी थ्रॉटल बॉडी बसवल्यापासून आयडल खालीवर

कासारवडवलीकर:
नमस्कार मंडळी. गाडी बाबांची, २००२ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, एमएच-०४ पासिंग. इंजिन ठणठणीत आहे, ऑइल खात नाही, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. ही गाडी मला अजून बरीच वर्षं चालवायची आहे, म्हणून तिच्यावर हौसेने खर्च करतो. नुकताच तिला बाहेरच्या बनावटीचा, आखूड रनरचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) ॲल्युमिनियम मॅनिफोल्ड आणि ७० मिमीची थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बसवून घेतली. मूळ थ्रॉटल बॉडी व्हर्नियरने मोजली तर ५६ मिमी भरली.

सकाळी थंड इंजिनला काही तक्रार नाही. गरम झालं की मात्र न्यूट्रलला आयडलवर, म्हणजे पाय न दाबता, आरपीएमचा काटा १००० वरून १८०० वर जातो, धपकन पडतो, परत चढतो, आणि हे चालूच राहतं. एसी लावला की थांबतं. शिवाय मानपाडा ते कापूरबावडीच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी गचके खाते. ५०००च्या वर मात्र सुरेख ओढते.

गॅरेजवाले म्हणतात ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलावा लागेल, या मॅनिफोल्डला जुना चालत नाही. खर्च मोठा आहे. खरंच ईसीयूचा दोष असेल का?

पामबीच_नेरूळ:
आधी एक सांग, जुना मॅनिफोल्ड जपून ठेवलायस ना? कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आता या गाडीचे चांगले सुटे भाग मिळणं कठीण झालंय. भंगारात देऊ नकोस. आणि ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना, ते बघ. थोडी सैल हवी.

वागळे_मिलिंगवाला:
एसी लावला की थांबतं, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. त्यातच उत्तर आहे. ईसीयूला हात लावू नकोस.

तुझ्या इंजिनात आत जाणारी हवा थेट मोजली जात नाही. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब सांगतो आणि त्यावरून, आरपीएमवरून ईसीयू हवेचा हिशेब मांडतो. थ्रॉटलला चुकवून हवा कुठूनही आत शिरली तरी दाब वाढतो, ईसीयू तेवढं पेट्रोल सोडतो आणि आरपीएम चढतात. तिकडे टीपीएस (थ्रॉटल किती उघडलंय ते बघणारा सेन्सर) सांगत असतो की पाय उचललेला आहे. पाय उचललेला आणि आरपीएम चढलेले, म्हणजे गाडी गिअरमध्ये उतरणीला लागली असणार, असं समजून ईसीयू पेट्रोल तोडतो. काटा पडतो, पेट्रोल सुरू होतं, काटा चढतो. थंड इंजिनला पेट्रोल तोडायची मर्यादा वर असते म्हणून सकाळी कळत नाही. एसीचा कॉम्प्रेसर लागला की बोजा पडून काटा मर्यादेच्या खाली राहतो.

तेव्हा चोरून येणारी हवा शोध. ब्रेक बूस्टर आणि पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ मॅनिफोल्डमध्ये परत नेणारा) पाइप एकेक करून फडकं लावून पकडीने दाब, कोणता दाबल्यावर काटा बसतो ते बघ. मॅप सेन्सरखालचं रबरी सील जागेवर आहे का बघ, नव्या बॉडीवर सेन्सर चढवताना ते हमखास राहून जातं. कूलंट काढलं असेल तर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचं झाकण थंड इंजिनलाच उघडून, पंखा लागेपर्यंत बुडबुडे निघू दे. थ्रॉटल बंद असताना हवा देणाऱ्या आयडल व्हॉल्व्हच्या पाण्यात हवा अडकली तरी काटा असाच नाचतो. गरम इंजिनवर कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधू नकोस, भडका उडतो. धूर सोडून तपासणारं गॅरेज मिळालं तर उत्तम.

माझा संशय मात्र फ्लँजवर, म्हणजे मॅनिफोल्डच्या इंजिन हेडला टेकणाऱ्या पट्टीवर आहे. हे मॅनिफोल्ड माझ्याकडे फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला येतात. जाड फ्लँजला चार रनर वेल्ड केले की उष्णतेने ती केळ्यासारखी वाकते, आणि टोकाचे पोर्ट (हवेची भोकं) हेडपासून उचलले जातात. गॅस्केट तेवढी फट भरत नाही. मॅनिफोल्ड उतरव, गॅस्केटचा कण न कण काढ, सरळ पट्टी उभी धरून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पाती) घाल. लांबीभर कुठेही ०.०५ मिमीची पाती सहज शिरली तर फेसिंग लागणार. थ्रॉटल बंद ठेवणारा स्क्रू कुणी फिरवलाय का तेही बघ, आणि टीपीएसचं व्होल्टेज मोज. पाय वर असताना ०.५च्या आसपास, पूर्ण दाबल्यावर ४.५च्या आसपास हवं.

कासारवडवलीकर:
काका, रविवारी उतरवला. मधल्या दोन पोर्टांना पाती शिरत नाही. एक नंबरला ०.०८ जाते, चार नंबरच्या बाहेरच्या कडेला ०.१५ सरळ आत. तिथल्या गॅस्केटवर दाबाचा ठसाच उमटलेला नाही, नवी असल्यासारखी दिसते. शिवाय चारही पोर्टांभोवती लाल सिलिकॉन थापलेलं होतं, एक तुकडा लोंबत होता. स्क्रू फिरवलेला आहे, आणि टीपीएस सरकवून बरोबर ०.५ करून ठेवलाय. खालचा आधाराचा ब्रॅकेट लावलेलाच नाही.

वागळे_मिलिंगवाला:
सापडलं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्यात, चार नंबरची फट आणि उघडं ठेवलेलं थ्रॉटल. फेसिंग करताना शॉपवाल्याला सांग, फ्लँज टेबलावर शिकंज्याने दाबून सपाट करून कापू नको. सुटली की परत वाकेल. आहे तशी टेकवून, खाली शिम (पातळ पत्रे) देऊन, सगळीकडे चकाकी येईपर्यंतच कापायची. सिलिकॉन अजिबात नको. पेट्रोलच्या वाफेने ते फुगतं आणि तुकडे व्हॉल्व्हपर्यंत जातात. नट मधून टोकांकडे, तीन टप्प्यांत, शेवटी २३ न्यूटन मीटर. ब्रॅकेट बसत नसेल तर नवा घडवून घे, पण मॅनिफोल्ड हेडच्या स्टडवर लोंबकळत ठेवू नकोस. थ्रॉटलचा स्क्रू पाकळी बॉडीला घासून अडकणार नाही इतपतच, मग टीपीएस परत ०.५ला आण. आयडल सांभाळणं आयडल व्हॉल्व्हचं काम आहे.

आता गचक्यांचं. ते फेसिंगने जाणार नाहीत. दीड लिटरचं इंजिन ६५०० आरपीएमला सेकंदाला सुमारे ८० लिटर हवा ओढतं. ५६ मिमीच्या भोकातून ती ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. एवढ्या वाऱ्याला ५६ची वाट अडवत नाही. ७०चं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त, त्यामुळे ताकद नावापुरती वाढते, पण पाय जरासा टेकवला की हवा एकदम जाते. रांगेत गचका बसतो तो यानेच. आखूड रनरमध्ये दाबाची लाट लवकर परतते, म्हणून भरणा वरच्या आरपीएमला चांगला होतो आणि खालचा टॉर्क घटतो. घोडबंदरला रोज २००० आरपीएमवर ट्रकच्या मागे सरकणाऱ्या गाडीतून तू नेमकं तेच काढून घेतलंयस. मी तुझ्या जागी असतो तर मूळचाच लांब रनरचा मॅनिफोल्ड चढवला असता. ठेवायचाच असेल तर थ्रॉटल बॉडी ६२च्या पुढे नको.

आणि ५०००च्या वर सुरेख ओढते म्हणतोस, तिथे मला काळजी वाटते. जुन्या ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता मूळ मॅनिफोल्डसाठीचा आहे. हवा जास्त गेली तरी पूर्ण थ्रॉटलला तो तेवढंच पेट्रोल देणार. त्यात आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे मिश्रण दोन्हीकडून कोरडं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आरामात चालवताना ऑक्सिजन सेन्सर सावरून घेतो, पूर्ण थ्रॉटलला तो हिशेबात नसतो. वाइडबँड सेन्सर लावून लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, नेमकं असेल तर १) मोज. ०.८७च्या आसपास हवा. ०.९५ दिसला तर पाय आवर, पिस्टन जळतो.

पामबीच_नेरूळ:
आणखी एक. २००२ची गाडी म्हणजे २०२७ला नूतनीकरणासाठी आरटीओत उभी राहणार. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाही. मॅनिफोल्डचा उल्लेख आरसीत नसतो, पण पीयूसीत आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) ७५० पीपीएमच्या आत यायला हवं. नाचत्या आयडलवर ते येणं अवघड. मूळचा संच त्यासाठीही जपून ठेव.

कासारवडवलीकर:
फेसिंग झालं, शिम देऊनच केलं. सिलिकॉनशिवाय बसवला, ब्रॅकेट पट्टी वाकवून घडवला. गरम इंजिनला काटा आता ८००वर स्थिर आहे, एसी असो-नसो. रांगेतला गचका तुम्ही म्हणालात तसाच राहिलाय. बाबांनाही गाडी चालवायची असते, त्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे लांब रनरचा मॅनिफोल्ड आणि ५६ची बॉडी परत चढवायचं ठरलंय. काका, मूळ मॅनिफोल्डचा फेसही तपासायला आणू का?

वागळे_मिलिंगवाला:
आण. ओतीव आहे, सहसा वाकत नाही, पण बावीस वर्षांहून जुना आहे. येताना आयडल व्हॉल्व्हही सोडवून आण, आतली काजळी काढून देतो. गॅस्केट नवी घेऊन ये, जुनी परत लावायची नाही.