चित्रात काचेवरची चमक कशी दाखवतात?

मी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ची चित्रं बघत बसलेय. १९३५ ते १९४२, मंदीत बेकार झालेल्या चित्रकारांकडून सरकारने घरगुती वस्तूंची १८,००० च्या आसपास जलरंगचित्रं करून घेतली. त्यातल्या एका हिरवट बाटलीवर अडकलेय. काचेतला बुडबुडासुद्धा दिसतो! पण पांढरा रंग लावलेला काही दिसत नाही. काल मी कटिंगचा ग्लास काढला, तर तो चक्क स्टीलचा वाटतोय.

प्रतिसाद १
ताई, चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. त्याला लागून गडद रंग हवा, नाहीतर ती उठत नाही. आणि ग्लासामागचं काहीतरी आरपार दिसू द्या, टेबलाची कड तरी. ती काचेत वाकते, तशीच वाकडी काढा.

प्रतिसाद २
सावली काळी भरलीत ना? काचेच्या सावलीत उजेड असतो. कोरा चहा ओतून उन्हात ठेवा.

प्रश्नकर्ती
आत्ताच ठेवला. सावलीच्या मधोमध तांबूस ठिपका, थेट मधासारखा! दुधाच्या चहाने काहीच झालं नव्हतं. कड मात्र अजून जमत नाहीये, तिसरा कागद वाया.