स्वतःच्या आयुष्याविषयी माणसे का लिहितात?

पाऊलखुणा (प्रश्न)

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर मी स्वतःच्या आयुष्याविषयी लिहू लागलो. कोणी लिहायला सांगितले नव्हते, आणि छापण्याचा विचार तेव्हाही नव्हता, आजही नाही. आतापर्यंत 40 पाने झाली आहेत. गेल्या आठवड्यात ती सलग वाचून काढली, तेव्हा लक्षात आले की त्यांतली 31 पाने माझ्या पंचविशीपर्यंतच्या काळावर खर्ची पडली आहेत, आणि ज्या नोकरीत मी 33 वर्षे काढली तिच्या वाट्याला जेमतेम दीड पान आले आहे.

माझे आयुष्य चारचौघांसारखे गेले. त्यातून कोणी काही शिकावे असे त्यात नाही. मुलगी म्हणते, ‘तुम्हाला बरे वाटते ना, मग लिहा.’ पण खरे सांगायचे तर मला बरे वाटत नाही. काही पाने लिहिल्यावर दोन-दोन दिवस अस्वस्थतेत जातात, आणि तरीही तिसऱ्या दिवशी मी पुन्हा वही उघडून बसतो. माणसे असे का करतात? ज्यांनी स्वतः असे काही लिहिले आहे, किंवा जवळच्या कोणाचे लिखाण वाचले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मुक्तवाचक

तुमच्या पानांची विभागणी स्मरणशक्तीच्या अभ्यासकांना मुळीच नवी वाटणार नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, की साधारणपणे दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टींची त्या वयात दाटी असते, हे याचे एक स्पष्टीकरण. आपण कोण आहोत हे त्याच काळात ठरत असते, हे दुसरे. मला दुसरे अधिक पटते, कारण ‘मी असा कसा झालो’ याचा शोध घेणारा माणूस साहजिकच त्या वर्षांपाशी घुटमळणार.

अस्वस्थतेबद्दल थोडे अधिक लिहितो. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकारी संशोधिकेबरोबर केलेला एक प्रयोग 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटे लिहायला बसवले होते. काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायचे होते, तर काहींनी किरकोळ विषयांवर. क्लेशदायक अनुभव लिहिणाऱ्यांना वहीवरून उठताना आधीपेक्षा वाईटच वाटत होते. परंतु ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या, त्यांना पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी आरोग्य केंद्रात कमी वेळा जावे लागले. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम बेताचाच आढळला आणि तो सर्वांवर होतो असेही नाही, म्हणून लिखाणाला औषध म्हणणे मला मान्य नाही. मला त्यापेक्षा मोलाचे वाटते ते पेनेबेकर यांनी पुढे लेखनातले शब्द मोजून दाखवले ते. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘लक्षात आले’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. म्हणजे मन नुसते मोकळे करून भागत नाही; विस्कळीत पडलेल्या घटनांना जोडणारा दुवा लिहिता लिहिता सापडावा लागतो. तो सापडेपर्यंत वही पुन्हा पुन्हा उघडली जाणे मला स्वाभाविक वाटते.

शाईदौत

माझ्या आईच्या मृत्यूनंतर तिच्या कपाटात एक दोनशेपानी वही मिळाली. तिच्यात जेमतेम साठ पाने भरलेली होती आणि त्यांत एकच दुपार तीनदा लिहिलेली होती: वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती सायकल शिकली ती दुपार. पहिल्या वेळी तिचा भाऊ मागून सीट धरून धावतो आहे. दुसऱ्या वेळी मागे कोणीच नाही. ती एकटी पडते, उठते, ढोपराची माती झटकते आणि पुन्हा बसते. तिसऱ्या वेळी सीट वडिलांनी धरली आहे, आणि त्यांनी ती सोडली केव्हा हे तिला कळलेलेच नाही. तिसरे लिखाण वडील गेल्यानंतरचे असावे, कारण त्यातली शाई वेगळी आहे आणि अक्षर बरेच थरथरते.

प्रथम मला वाटले, तिची स्मृती ढळू लागली होती. आता तसे वाटत नाही. आठवणे म्हणजे साठवलेले जसेच्या तसे बाहेर काढणे नसून दर वेळी नव्याने रचणे असते, असे फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्येच मांडले होते. पण मला ते खऱ्या अर्थाने कळले ते आईच्या वहीमुळे. ती काय घडले याची नोंद करत नव्हती. आपल्याला कोणी सावरले, या प्रश्नाचे उत्तर ती शोधत होती, आणि आयुष्याच्या तीन टप्प्यांवर तिला तीन उत्तरे मिळाली. आधीचे एकही तिने खोडले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

उत्तरायण

‘चारचौघांसारखे आयुष्य’ ही अडचण मला अडचण वाटत नाही. बनारसीदास हे आग्र्याचे जैन व्यापारी. त्यांनी 1641 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आपले चरित्र ब्रज भाषेत पद्यात लिहिले आणि माणसाचे पूर्ण आयुष्य 110 वर्षांचे मानून त्याला ‘अर्धकथानक’ हे नाव दिले. ते राजे नव्हते, की सेनापती नव्हते. धंद्यातली खोट, तरुणपणीचे छंदीफंदी दिवस, आजारपणे आणि एकामागून एक दगावलेली नऊही मुले, असे सारे त्यांनी सांगितले, आणि आपल्या गुणांबरोबर दोषही मोजून मांडले. आज त्या काळाचा अभ्यास करणारे हे पुस्तक उघडतात, कारण साधा माणूस तेव्हा कसा जगत होता हे बादशहाच्या बखरकारांनी लिहिलेले नाही.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. मी स्वतः लिहिले तेव्हा धाकट्या भावाचे एक प्रकरण त्यात आले. ते वाचून तो एवढेच म्हणाला, ‘हे माझे होते, तू का सांगितलेस?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी ते पान काढून टाकले. आपल्या आयुष्यात दुसऱ्यांची आयुष्ये गुंतलेली असतात, तेव्हा लिहिताना त्यांचा विचार अवश्य करावा.

पाऊलखुणा

सर्वांचे मनापासून आभार. मुक्तवाचक यांचा प्रतिसाद वाचून मी नोकरीवरचे ते दीड पान पुन्हा काढले. त्यात ‘बदली झाली’, ‘बढती मिळाली’, ‘चौकशी झाली’ अशी ओळीमागून ओळ आहे, आणि ‘कारण’ हा शब्द एकदाही नाही. ती चौकशी माझी नव्हती, एका सहकाऱ्याची होती, आणि खरे काय घडले हे मला ठाऊक होते.

शाईदौत, तुमच्या आईंप्रमाणे मीही आधीचे काही खोडलेले नाही. उत्तरायण यांचा सल्ला मानून सहकाऱ्याचे नाव किंवा ओळख पटेल असे काहीही लिहिलेले नाही. काल रात्री दीड पानाखाली नवी ओळ सुरू केली: ‘साक्षीच्या दिवशी मी रजा घेतली, कारण’. तिथे थांबलो आहे. आज रात्री पुन्हा बसणार आहे.