प्रति: पीपीई किट घालायचं ट्रेनिंग
वर कोणीतरी लिहिलंय की किट घालायला नीट शिकवलं की झालं, काढायला काय, दोन मिनिटांचं काम. हे अजिबात पटलं नाही. खरा धोका काढतानाच असतो, कारण तोवर बाहेरची बाजू खराब झालेली असते आणि आपण घामाघूम, कधी एकदा हे अंगातून निघतंय असं झालेलं असतं. २०२० मध्ये मी कोविड वॉर्डला स्टाफ नर्स होते, ट्रेनिंग म्हणून व्हिडिओ दाखवला होता फक्त, मग आमच्या सिनियर सिस्टरनी ग्लोव्हजवर आणि गाऊनच्या पुढे ओला पोस्टर कलर फासला आणि म्हणाल्या, आता काढून दाखव. माझ्या मनगटावर आणि कानामागे रंग निघाला, तोच व्हिडिओ चारदा बघूनसुद्धा! त्या दिवशी फार घाबरले होते मी.

आणि समोर बघणारं माणूस हवंच, एकट्याने काढू नये. २०१४ मध्ये अमेरिकेत डॅलसला इबोलाच्या पेशंटची सेवा करताना दोन नर्सना लागण झाली, त्यानंतर सीडीसीने (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) आपल्या सूचना बदलून प्रत्येक स्टेप वाचून दाखवणारा ट्रेन्ड ऑब्झर्व्हर, म्हणजे शिकलेला निरीक्षक, असायलाच हवा असं सांगितलं. आमच्याकडे सिस्टर तेच करायच्या, दाराशी उभं राहून "हात सॅनिटाईज कर, आता पुढचं" असं प्रत्येक वेळी मोठ्याने. एन-९५ मास्क सगळ्यात शेवटी, रूमच्या बाहेर आल्यावर, पुढच्या भागाला हात न लावता आधी खालचं इलॅस्टिक मग वरचं. नवीन मुली घाईत मास्क पुढूनच धरून ओढतात, तिथे त्यांना थांबवाच.