गोब्लिन आमच्या बार्बेरियनला वळसा घालून विझर्डवरच का जातात?

किल्लेदार_कोथरूड:

आम्ही चौघं आणि डीएम (खेळ चालवणारा, राक्षसही तोच हलवतो), दर रविवारी डी अँड डी खेळतो, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा कथाखेळ. पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, सगळे तिसऱ्या लेव्हलला. एक बार्बेरियन (रानटी योद्धा), एक रोग (Rogue, चोरटा लढवय्या), एक विझर्ड (जादूगार) आणि मी. माझा फायटर गेल्या वेळी गेला, त्यामुळे नवीन कॅरॅक्टर बनवायचंय. पॅलाडिन (धर्मयोद्धा) की क्लेरिक (मंत्र टाकणारा पुजारी), यात घोडं अडलंय.

मी कॉलेजात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायचो. तिथला हिशेब सोपा. टँकने (मार झेलणाऱ्याने) टॉन्ट मारला, म्हणजे डिवचलं, की राक्षस त्याच्याच अंगावर येणार, हीलर टँकला जगवणार, बाकीच्यांनी डॅमेज करायचं. इथे आमचा बार्बेरियन रेज लावून (चवताळून) पुढे उभा राहतो, आणि गोब्लिन त्याच्याकडे ढुंकूनही न बघता बाजूने निसटून विझर्डला भोसकतात. विझर्ड दुसऱ्या राउंडलाच आडवा. डीएमला विचारलं तर म्हणतो, "गोब्लिन काय मूर्ख आहेत का?"

पॅलाडिन घेऊन दुसरा टँक उभा करू, की क्लेरिक घेऊन विझर्डला हील करत बसू?

ठाण्याची_डीएम:

तुमचा डीएम बरोबर खेळतोय. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

या आवृत्तीत टॉन्ट नाही. कोणाला मारायचं हे डीएम ठरवतो, आणि गोब्लिनला तर निसटण्याची सोयच दिलेली आहे: बोनस अॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा कृतीत) डिसएंगेज, सुरक्षित सटकणं. म्हणजे बार्बेरियनच्या शेजारून गेला तरी बार्बेरियनला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर फुकटचा वार) मिळत नाही. मिळाला असता तरी त्यासाठी लागणारी रिअॅक्शन राउंडला एकच. तिघे पळाले तर एकाला फटका, दोघे पार.

चौथ्या आवृत्तीत (२००८) हा प्रश्न पडलाच नसता. तिथे प्रत्येक क्लासच्या नावाखाली काम छापलेलं होतं. फायटर आणि पॅलाडिन डिफेंडर, रोग स्ट्रायकर, क्लेरिक लीडर, विझर्ड कंट्रोलर. डिफेंडरने शत्रूला मार्क केलं की त्या शत्रूला दुसऱ्या कोणावर हल्ला करताना फाशाच्या आकड्यातून उणे दोन. पुष्कळांना ते व्हिडिओ गेमसारखं वाटलं आणि त्यांनी नाकं मुरडली. पाचव्या आवृत्तीने त्या पाट्या काढून टाकल्या. कामं मात्र तशीच राहिली, फक्त कोणी करायची ते तुमचं तुम्ही बघा.

म्हणून क्लास निवडताना "माझे हिट पॉइंट किती" (किती मार सोसता येतो) हे नंतर विचारा. आधी विचारा, "गोब्लिनने मला सोडून पुढे जायचं ठरवलं तर मी त्याचं काय वाकडं करू शकतो?" बार्बेरियनचं उत्तर सध्या "फारसं काही नाही" असं आहे. रेजमध्ये त्याला शस्त्रांचा मार अर्धाच लागतो, पण मार खायला कोणी आलं तर ना! त्याला रेकलेस अटॅक वापरायला सांगा. मग बार्बेरियनवर हल्ला करणाऱ्याला अॅडव्हान्टेज मिळतो (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा), आणि डीएमच्या खुर्चीत बसल्यावर ते आमिष टाळवत नाही, हे अनुभवाने सांगते. चौथ्या लेव्हलला डीएम फीट (खास कौशल्य) घेऊ देत असेल तर सेंटिनेल. मग डिसएंगेज करून जाणाऱ्यालाही फटका मारता येतो, आणि तो बसला की त्याचा वेग शून्य. खिळून जागच्या जागी.

आता तुमचा निर्णय. क्लेरिक घ्या, पण हील करत बसायला नाही. हीलिंग वर्ड या मंत्राने १डी४ (चार बाजूंचा एक फासा) अधिक विझडम मॉडिफायर एवढे हिट पॉइंट परत येतात, विझडम १६ असेल तर (म्हणजे अधिक ३) सरासरी साडेपाच. गोब्लिनची तलवार १डी६ अधिक २, सरासरी तीही साडेपाच. तुम्ही एक स्लॉट (मंत्र टाकायची एक संधी) जाळून एका गोब्लिनचा एक वार पुसला, बस्स. तो स्पेल शून्यावर पडलेल्याला उठवण्यासाठी ठेवा.

लाइफ किंवा वॉर डोमेन (क्लेरिकची शाखा) घेतलंत तर चेनमेल (साखळी चिलखत) आणि ढाल मिळून आर्मर क्लास १८ होतो, म्हणजे तुम्हाला फटका बसायला फाशावर तेवढा आकडा लागतो. दहा फुटी बोळात रुंदीला पाच फुटांचे दोन चौकोन असतात. एकात बार्बेरियन, दुसऱ्यात तुम्ही. गोब्लिन शत्रूच्या चौकोनातून घुसू शकत नाही, त्यामुळे वळसाच संपला. धनुष्य काढतील, पण मागच्या विझर्डला तुमच्या अंगाची आड मिळेल, आर्मर क्लासला दोन जास्त. आणि विझर्डला स्लीप (झोपवायचा मंत्र) घ्यायला लावा. ५डी८, सरासरी साडेबावीस, एवढ्या हिट पॉइंटचे शत्रू झोपतात. गोब्लिनचे हिट पॉइंट ७. बाकी कोणी त्या घेऱ्यात नसेल तर सरासरीला तिघे घोरत पडतात, सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) नाही काही नाही. तुमच्या टोळीतला खरा टँक विझर्डच आहे. आपला माणूस घेऱ्यात आणि आधीच अर्धमेला असेल तर पहिला तोच झोपेल, तेवढं बघा.

नॅचरल_वीस:

ताईंशी असहमत. मेलेला गोब्लिन कोणालाच भोसकत नाही. पॅलाडिन घ्या, डिव्हाइन स्माइट मारा (वार लागला की स्लॉट जाळून जादा मार), पहिल्या लेव्हलच्या स्लॉटलाच २डी८ जास्त. विषय संपला. शिवाय सहाव्या लेव्हलला ऑरा येतो, दहा फुटांतल्या सगळ्यांच्या सेव्हिंग थ्रोला तुमचा करिष्मा मॉडिफायर मिळतो.

ठाण्याची_डीएम:

ऑरा जबरदस्त आहे, मान्य. पण ते तिसऱ्या लेव्हलला आहेत. आणि गोब्लिनवर स्माइट? लाँगस्वोर्ड १डी८ अधिक ३ म्हणजे सरासरी साडेसात, गोब्लिन बहुतेक वेळा तेवढ्यातच मेला. वरचे नऊ पॉइंट मढ्यावर. तिसऱ्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे स्लॉट तीनच. समोर ५९ हिट पॉइंटचा ओगर असता तर मीही पॅलाडिनच म्हटलं असतं.

किल्लेदार_कोथरूड:

बोळाचं कळलं. पण डीएम नेमका मोकळ्या रानात गाठतो. तिथे दोन चौकोन अडवून काय होणार?

ठाण्याची_डीएम:

रानात झाडं असतात की. विझर्डकडे दुसऱ्या लेव्हलचा वेब (जाळं टाकायचा मंत्र) असेल तर दोन झाडांच्या मध्ये ताणायचा, वीस फुटांचा घन. अडकलेल्याचा वेग शून्य, त्याच्यावर हल्ला करणाऱ्याला अॅडव्हान्टेज, म्हणजे रोगचा स्नीक अटॅकही (अॅडव्हान्टेज असताना मिळणारा जादा मार) तयार. वेबला कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागतं, म्हणून विझर्डला मार बसला की ते टिकवायला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह आला. तुम्ही ब्लेस (क्लेरिकचा आशीर्वाद, तिघांवर टाकता येतो) टाकताना त्या तिघांत विझर्डला धरा, त्या सेव्हलाही डी४ मिळतो. हाच सगळ्यात मोठा फायदा, आणि तो कोणी हिशेबात धरत नाही.

आणि मशाल कोणाच्या हातात आहे ते आधीच ठरवून ठेवा. वेब पेट घेतो. जळणाऱ्या चौकोनात ज्याची पाळी सुरू होईल त्याला २डी४ आगीचं डॅमेज. आमच्याकडे एकाने ते मुद्दाम केलं होतं, त्याचाच बार्बेरियन आत असताना.

किल्लेदार_कोथरूड:

मशाल रोगकडे असते 😬 वॉर डोमेन घेतो. रविवारनंतर कळवतो.