मदत हवी आहे: टचस्क्रीनवरच्या कृतींना सगळीकडे एकच नाव कसं ठेवायचं?

शेताची हद्द नकाशावर आखायचं ॲप आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. मदतीच्या पानांत एकाच कृतीला ‘दाबून ठेवा’, ‘लाँग प्रेस करा’, ‘बोट धरा’ अशी तीन नावं झाली आहेत. तक्रारीत नुसतं ‘स्वाइप होत नाही’ असतं. खोदून विचारलं की कुणाचा नकाशा सरकत नसतो, कुणाचा हद्दीचा बिंदू हलत नसतो. त्यात अँड्रॉइडवाले ‘फ्लिंग’ म्हणतात, आयफोनवाले ‘पॅन’. वापरणाऱ्यांची आणि डेव्हलपरची यादी एकच ठेवावी की वेगळी?

बाराखडी:
यादी एकच, रकाने तीन: वापरणाऱ्याला दिसणारा शब्द, अँड्रॉइडचं नाव, आयओएसचं (आयफोनच्या प्रणालीचं) नाव. पहिल्या रकान्यातला शब्द कोडमध्ये शोधत बसू नका आणि कोडमधला शब्द मदतीच्या पानावर आणू नका.

फ्लिंग आणि पॅन ही एकाच गोष्टीची दोन नावं नव्हेत, तुमचा घोळ तिथेच आहे. आयओएसचा पॅन बोट हलत असेपर्यंत ॲपला कळवत राहतो. त्याचा जोडीदार अँड्रॉइडच्या कोडमधला ऑनस्क्रोल. ऑनफ्लिंग, म्हणजे फ्लिंगची सूचना, येतो तो बोट वेगात असताना उचललं की, शेवटी एकदाच. आयओएसचा स्वाइपही एकदाच कळवतो, म्हणून फ्लिंग त्याच्या ओळीत लिहा.

वापरणाऱ्यासाठी: टॅप करा, दोनदा टॅप करा, दाबून ठेवा, सरकवा (नकाशा किंवा पान), ओढून न्या (एखादी वस्तू), दोन बोटांनी लहान-मोठं करा. बस. नुसतं ‘ओढा’ लिहू नका. शेताच्या नकाशावर ओढा पाण्याचाही असतो.

‘२ सेकंद दाबा’ असं कधीच लिहू नये. आयओएसवर ठरलेली वेळ ०.५ सेकंद, अँड्रॉइडवर ती सुलभता सेटिंगमधून बदलता येते. अँड्रॉइडच्या कोडमध्येही आकडा न घालता व्ह्यूकॉन्फिगरेशनकडून (अशा ठरलेल्या वेळा आणि अंतरं देणारा अँड्रॉइडचा भाग) घ्या. दाबून ठेवणं फसतं ते बहुधा बोट हलल्यामुळे: अँड्रॉइडवर साधारण ८ डीपी आणि आयओएसवर १० पॉइंट (दोन्ही पडद्यावरचं अंतर मोजायची एककं), त्यापुढे गेलं की दाबून ठेवणं रद्द. म्हणून वाक्य असं: ‘बोट न हलवता दाबून ठेवा.’

धागादोरा:
दिशेचं राहिलं. ‘खाली स्क्रोल करा’ म्हटलं की बोट वर जातं. मदतीत फक्त बोटाची दिशा द्या: ‘खालची माहिती दिसण्यासाठी बोट वर सरकवा.’

टॉकबॅक (अँड्रॉइड) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोन), म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी पडदा वाचून दाखवणारी सोय, चालू असेल तर टॅपने नुसता मजकूर वाचला जातो, बटण चालायला दोनदा टॅप लागतो आणि दाबून ठेवायचं तर दोनदा टॅप करून दुसऱ्यांदा बोट तसंच ठेवावं लागतं. बटणाच्या वर्णनात ‘टॅप करा’ लिहिलंत तर टॉकबॅकची स्वतःची सूचना आणि तुमची, दोन्ही ऐकू येतात आणि जुळत नाहीत. तिथे फक्त काम लिहा: ‘हद्द जतन करा’. स्ट्रिंगची किल्लीही (कोडमध्ये त्या मजकुराला दिलेलं नाव) कामावरून ठेवा, ‘मूव्ह_पॉइंट’ अशी. ‘ड्रॅग_हिंट’ ठेवली तर उद्या कृती बदलल्यावर नाव खोटं पडतं.

आणि बिंदू फक्त ओढूनच हलत असेल तर शब्द सुधारून भागणार नाही. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं) मधला २.५.७ हा निकष ओढण्याला पर्याय मागतो: बिंदू टॅप करून निवडा, मग बाणांच्या बटणांनी सरकवा.

प्रश्नकर्ता:
हे पटलं, रकाने करतो. पण तक्रारीत नेमकं काय मागायचं?

बाराखडी:
कृतीचं नाव मागूच नका. चार गोष्टी विचारा: बोटं किती, पहिलं बोट कशावर ठेवलं, उचलण्याआधी हललं का, आणि पडद्यावर काय झालं. चाचणी करणाऱ्यांना अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांतलं ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करून स्क्रीन रेकॉर्ड करायला सांगा. बोटाचा माग रेषेने उमटतो, दाबताना बोट घसरलं असेल तर लगेच दिसतं.