कवेलू गेले, टिनं आले: तुमच्या घरावर काय आहे?

काल रात्री वावधन सुटलं. टिनावर पाऊस असा तडतडला की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. आजोबांचं कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं, घर आठवलं. मिरगाच्या आधी दरवर्षी कवेलू फेरायचे. बाबा वर, आम्ही खालून एकेक कवेलू हातात द्यायचो. उचलला की खालच्या तुराट्यांवर कधी पाल, कधी विंचू. आता मागच्या दोन खोल्यांवर छत टाकायचंय. टिन टाकावं की स्लॅब? आणि टिनाखाली काय घालावं? अनुभव लिहा.

पऱ्हाटी
आमचे कवेलू पावसानं नाही, वानरांनी संपवले. एक टोळी नाचून गेली की अर्धा पाखा खाली. नवे मिळत नाहीत, गावातल्या कुंभारानं भट्टी बंद केली. तरी मे महिन्यातली त्या घरातली झोप अजून आठवते.

धुऱ्यावरून
दादा, टिन घेताना जाडी पाहा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, इथंच माणूस फसतो. आमचा 0.35 मिमीचा होता, दुसऱ्याच उन्हाळ्यात उडून बाभळीत अडकला. घरात कोणी नव्हतं म्हणून वाचलो. मग 0.50 घेतला. मिस्त्रीनं स्क्रू पन्हाळीत मारले होते. पाणी तिथूनच वाहते, रबराचा वॉशर उन्हानं तडकला की झालं, बरोबर देव्हाऱ्यावर टिपटिप. स्क्रू उंचवट्यावरच मारायला लावा, तुम्ही सोता शिडीवर चढून पाहा.

चंद्रपूरची लेक
आमच्याकडे पारा 46-47 वर जातो. टिनाखाली चुलीपाशी उभं राहून पाहा म्हणजे कळते. दोन वर्षांआधी चंदेरी फोमशीट घातली. आधी पाइपांवर जाळी ताणली, त्यावर शीट, मग पत्रा. नंतर घालायला गेलं तर सगळे पत्रे उचला! हिवाळ्यात पहाटे टिनातून दव टिपकून गोधड्या ओल्या व्हायच्या, तेही थांबलं. पावसाचा आवाजही कमी.

पऱ्हाटी
ताई, उंदीर कुरतडत नाहीत?

चंद्रपूरची लेक
पहिल्या साली कुरतडली. कडेच्या फटी सिमेंटनं बुजवल्या, तेव्हापासून नाही.

कोठा
जुने सिमेंटचे पत्रे काढणार असाल तर तोडू-कापू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते, धूळ फुफ्फुसात गेली तर पुढं कॅन्सरची भीती. पाणी मारून अख्खे उतरवा, लेकरं दूर.

सरगुंडेवाली
आम्ही घरकुलाचे 1,20,000 अन् पदरचे टाकून स्लॅब केला. टिकाऊ आहे, वानरांची चिंता नाही, पण पहिल्या उन्हाळ्यात रात्री 12 पर्यंत भिंती तापलेल्या. आता मार्चात स्लॅबवर चुना मारतो, फरक पडतो. वाळवण मात्र हक्काचं, कुरडया, मिरच्या, सरगुंडे सगळं वर.

धुऱ्यावरून
सरगुंडे अजून करता? माय करायची, सराट्याच्या काडीवर कणीक वळून. आंब्याच्या रसासंगं खायचो. ती गेल्यापासून ताटात आले नाहीत.

सरगुंडेवाली
या ना दादा उन्हाळ्यात, ताटभर वाढते.

पऱ्हाटी
चुना कोणता? आमचा पहिल्याच पावसात धुऊन गेला.

सरगुंडेवाली
कळीचा. रात्रभर भिजवायचा, गाळून दोन हात द्यायचे. भिजवताना उकळते, लोखंडी ड्रम घ्या, प्लास्टिकची बादली नको.